वायरलेस चिपमधील प्रोटोकॉल-प्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाय-फायच्या चिपविषयी बोलताना बहुतेक चर्चा वेग आणि अँटेनांची संख्या यांवरच थांबते. प्रत्येक फ्रेममागे (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या एका पाकिटामागे) चिप स्वतःच्या अखत्यारीत किती निर्णय घेते, हे क्वचितच सांगितले जाते. पुढील प्रश्न ड्रायव्हर लिहिणारे, एम्बेडेड उपकरणे बनवणारे आणि नेटवर्कमधील बिघाड शोधताना आकड्यांचा मेळ न लागल्याने चक्रावलेले वाचक नेहमी विचारतात. विवेचन मुख्यतः आयईईई ८०२.११ या मानकाविषयी, म्हणजेच वाय-फायविषयी आहे. ब्लूटूथ आणि झिगबी यांचा उल्लेख पुढे थोडक्यात येईल. फ्रेम मिळाल्याचे कळवणाऱ्या चिमुकल्या अ‍ॅक फ्रेमसाठी येथे सर्वत्र 'पोच' हा शब्द वापरला आहे.

चिपमध्ये होणारी प्रोटोकॉल-प्रक्रिया म्हणजे नेमके काय?

हवेतून आलेल्या लहरींपासून बिट मिळवणे हे बेसबँडचे, म्हणजे चिपमधील सिग्नल उकलणाऱ्या भागाचे, काम झाले. ते बिट कोणाचे आहेत, ते शाबूत आहेत का, त्यांना पोच द्यायची का, आपण केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प बसायचे, हे ठरवणे म्हणजे प्रोटोकॉल-प्रक्रिया. वाय-फायमध्ये ही जबाबदारी मॅक (वाहिनी कोणी केव्हा वापरायची ते ठरवणाऱ्या) या थराकडे असते आणि व्यवहारात त्याचे दोन भाग पडतात. खालच्या मॅकमध्ये पोच, माघार (बोलण्यापूर्वी यादृच्छिक वेळ थांबणे), पुनर्प्रेषण, सीआरसी तपासणी (फ्रेमच्या शेवटच्या पडताळणी-आकड्यावरून ती शाबूत आहे का हे पाहणे), पत्त्यांची गाळणी आणि एन्क्रिप्शन येते. वरच्या मॅकमध्ये नेटवर्क शोधणे, जोडणी करणे, किल्ल्यांची देवाणघेवाण आणि एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाणे येते.

खालचा भाग सिलिकॉनमध्ये आणि वरचा सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, असे मानक कुठेही सांगत नाही. तरीही जवळजवळ सर्वांनी रेषा एकाच ठिकाणी ओढली आहे, कारण मायक्रोसेकंदांत उत्तर मागणारी कामे आणि मिलिसेकंदांचा उशीर चालवून घेणारी कामे मुळातच वेगळी पडतात.

प्रोसेसर इतके वेगवान असताना हे सारे सॉफ्टवेअरमध्ये का करत नाहीत?

कारण अडचण वेगाची कमी आणि खात्रीची जास्त आहे. फ्रेम संपल्यापासून पोच सुरू होईपर्यंतच्या अंतराला सिफ्स म्हणतात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ते १६ मायक्रोसेकंद असते, आणि त्यात स्लॉटच्या, म्हणजे माघारीच्या मोजणीतील ९ मायक्रोसेकंदांच्या एककाच्या, एक दशांशाइतकीच चूक चालते. म्हणजे पोच १६ मायक्रोसेकंदांनी निघाली पाहिजे आणि तीही ०.९ मायक्रोसेकंद इकडेतिकडे, यापलीकडे सवलत नाही. लवकर निघाली तरी चूक, उशिरा निघाली तरी चूक.

२ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला १६ मायक्रोसेकंदांत ३२,००० क्लॉक सायकल मिळतात, आणि कागदावर त्या भरपूर वाटतात. परंतु त्याच काळात फ्रेमचा शेवट उकलायचा असतो, तो बसवरून मुख्य स्मृतीत आणायचा असतो, इंटरप्ट देऊन प्रोसेसरला चालू कामातून उठवायचे असते आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने रेडिओपर्यंत न्यायचे असते. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये इंटरप्टची दखल कधी दोन मायक्रोसेकंदांत घेतली जाते, तर कधी पन्नास मायक्रोसेकंदांत. सरासरी चांगली असून उपयोग नसतो. शंभरातल्या दहा पोचा चुकल्या तरी समोरचा तेवढ्या फ्रेम पुन्हा पाठवत बसतो.

हे अशक्य आहे असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २००९ साली मांडलेल्या सोरा या प्रकल्पात बहुगाभा संगणकाचे काही गाभे केवळ या कामासाठी राखून आणि खास पीसीआय एक्सप्रेस कार्ड जोडून ८०२.११ची वेळ सॉफ्टवेअरमधून साधली होती. प्रयोग म्हणून ते नेत्रदीपक होते, पण जे काम काही हजार लॉजिक गेट नगण्य विजेत करतात, त्यासाठी संगणकाचे आख्खे गाभे अडकवणे कोणत्याही फोनला परवडणार नाही.

त्या १६ मायक्रोसेकंदांत चिपच्या आत काय घडते?

८०२.११ए पद्धतीची एक फ्रेम घेऊ. तिचे प्रत्येक सिम्बॉल (एका दमात पाठवला जाणारा लहरींचा तुकडा) ४ मायक्रोसेकंदांचे असते. शेवटचे सिम्बॉल अँटेनावर संपते तेव्हा त्याचे नमुने अजून फिल्टरमध्येच असतात. तेथून ते ६४ बिंदूंच्या फूरिए रूपांतरात जातात, ४८ उपवाहकांवरील (वाहिनीच्या अरुंद पट्ट्यांवरील) माहिती वेगळी होते, मुद्दाम विस्कटलेला बिटांचा क्रम पूर्ववत होतो आणि ६४ अवस्थांचा व्हिटर्बी डीकोडर मागे वळून पाहत सर्वांत संभाव्य बिट ठरवतो. डीकोडरचे हे मागे वळून पाहणे चांगलेच वेळखाऊ असते. सिफ्सचा मोठा वाटा तेथेच खर्च होतो. ८०२.११एच्या मानकात मॅकच्या वाट्याला २ मायक्रोसेकंदांहून कमी आणि रेडिओने ऐकणे सोडून बोलायला लागण्यासाठीही २ मायक्रोसेकंदांहून कमी वेळ धरला आहे.

मॅकचे हार्डवेअर मात्र शेवटच्या सिम्बॉलची वाट पाहत हातावर हात ठेवून बसलेले नसते. फ्रेमचा पहिला पत्ता सुरुवातीच्याच बाइटांत येतो, म्हणून 'ही फ्रेम माझी' हा निकाल कधीच लागलेला असतो. दुसरा पत्ता, म्हणजे पाठवणाऱ्याचा, पोचेच्या साच्यात उतरवलेला असतो. पोच अवघी १४ बाइटांची: २ बाइट नियंत्रणाचे, २ कालावधीचे, ६ पत्त्याचे आणि ४ सीआरसीचे. तिचा वेगही आलेल्या फ्रेमच्या वेगावरून ठरून गेलेला असतो. पत्र लिहून पाकीट चिकटवून झालेले असते. ते पेटीत टाकायचे की फाडायचे एवढेच बाकी असते, आणि तो निकाल सीआरसीच्या शेवटच्या बाइटावर लागतो. ३२ फ्लिपफ्लॉप आणि थोड्या एक्सॉर गेटांची ती साखळी प्रत्येक बाइट येताक्षणी स्वतःला अद्ययावत करत असल्यामुळे शेवटच्या बाइटानंतर तिला निराळा वेळ लागतच नाही.

सीआरसी चुकला तर चिप 'मिळाले नाही' असे काही कळवत नाही. ती गप्प राहते. पाठवणाऱ्याला ते मौन हाच निरोप असतो.

मग २.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंद कसे पुरतात?

८०२.११बीच्या सोप्या मॉड्युलेशनला १० मायक्रोसेकंदांचा सिफ्स पुरत होता. २००३ साली ८०२.११जीने त्याच पट्ट्यात ओएफडीएम, म्हणजे माहिती अनेक उपवाहकांवर वाटण्याची ८०२.११एची पद्धत, आणले, तेव्हा व्हिटर्बी डीकोडरला जास्त वेळ हवा होता, पण जुन्या उपकरणांशी जुळवून घ्यायचे तर सिफ्स बदलणे शक्य नव्हते. त्यावरचा तोडगा असा: फ्रेम संपल्यावर ६ मायक्रोसेकंद काहीच पाठवायचे नाही, पण ती शांतता फ्रेमचाच भाग समजायची. १० आणि ६ मिळून पुन्हा १६ होतात. मानक आणि सिलिकॉन यांच्यातला समझोता इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो.

पोच मिळाली म्हणजे डेटा सुखरूप आणि योग्य माणसाकडून पोहोचला, असे समजावे का?

समजू नये. पोच फक्त दोन गोष्टींची ग्वाही देते: सीआरसी जुळला आणि पत्ता जुळला. एन्क्रिप्शनची सत्यता तपासणे सिफ्समध्ये बसत नसल्याने ती तपासणी पोच गेल्यानंतर होते. याचा एक गमतीदार परिणाम असा की, नेटवर्कचा पासवर्ड ठाऊक नसलेल्या पूर्ण परक्या उपकरणाने तुमच्या चिपचा पत्ता घालून कसलीही फ्रेम पाठवली तरी चिप तिला इमानेइतबारे पोच देते. वरच्या थरात ती फ्रेम कचऱ्यात जाते, पण पोच गेलेली असते. त्यावरून उपकरण आसपास आहे आणि जागे आहे हे परक्याला कळू शकते. ड्रायव्हरमध्ये कितीही सुधारणा केल्या तरी यावर इलाज नाही.

चिपला पोच दिल्यानंतर बफर भरल्यामुळे फ्रेम टाकून द्यावी लागली, असेही घडते. पाठवणाऱ्याच्या लेखी ती पोहोचलेली असते. उणीव भरून काढण्याचे काम मग वरच्या थरातील टीसीपीवर येऊन पडते.

बोलण्यापूर्वी थांबण्याचा निर्णय कोण घेते?

तोही हार्डवेअर घेते. वाहिनी मोकळी आहे का, हे दोन मार्गांनी कळते. एक म्हणजे प्रत्यक्ष ऊर्जा किंवा प्रीअँबल (फ्रेमच्या सुरुवातीचा ठरावीक सिग्नल) ऐकून, आणि दुसरा म्हणजे इतरांच्या फ्रेममधील कालावधीचा आकडा वाचून. हा आकडा जास्तीत जास्त ३२,७६७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि चिप त्यानुसार उलटी मोजणी लावून ती संपेपर्यंत स्वतःवर मौन लादून घेते. त्यानंतर ठरावीक विश्रांती आणि शून्य ते पंधरा यांमधला एक यादृच्छिक आकडा. मोकळ्या जाणाऱ्या प्रत्येक ९ मायक्रोसेकंदांमागे तो एकाने कमी होतो, मध्येच कोणी बोलले तर तेथेच गोठतो, आणि शून्यावर आला की प्रसारण होते. टक्कर झाली तर कमाल मर्यादा ३१, ६३ अशी वाढत १,०२३ पर्यंत जाते.

आवाज, चित्रफीत, साधा डेटा आणि पार्श्वभूमी अशा चार रांगांसाठी ही यंत्रणा चिपमध्ये स्वतंत्रपणे चालते. दोन रांगांचे आकडे एकाच क्षणी शून्यावर आले, तर वरच्या मानाची रांग जिंकते आणि खालची, हवेत काहीच न घडता, टक्कर झाल्यासारखी माघार घेते. ड्रायव्हरने मोजलेल्या टकरा आणि हवेत पकडलेल्या फ्रेम यांचा ताळमेळ न बसण्याचे हे एक कारण आहे.

पोच आली नाही तर पुढे काय करायचे, हे ठरवते कोण?

येथे कामाची वाटणी फार समंजसपणे झालेली आहे. कोणता वेग चांगला चालतो याचा आडाखा बांधणे हे आकडेवारीचे काम असल्याने ते ड्रायव्हर किंवा फर्मवेअर करते; लिनक्समधील मिन्स्ट्रेल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पण प्रत्येक अपयशानंतर सॉफ्टवेअरला विचारत बसणे परवडत नाही. म्हणून फ्रेम सोपवतानाच ड्रायव्हर सोबत एक चिठ्ठी देतो: आधी या वेगाने दोनदा, मग त्याच्या खालच्या वेगाने दोनदा, आणि शेवटी सर्वांत खात्रीच्या वेगाने. एथेरोसच्या अनेक चिपमध्ये अशा चार पायऱ्या असतात. हार्डवेअर ती चिठ्ठी वाचून काम करते, शीर्षातील पुनर्प्रेषणाचा बिट स्वतः लावते, आणि शेवटी कितव्या पायरीवर यश आले तेवढे कळवते.

५४ मेगाबिटांच्या जोडणीवर निम्म्याहून थोडाच जास्त वेग का मिळतो?

हिशेब करून पाहू. १,५०० बाइटांच्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एका फ्रेममागे ३४ मायक्रोसेकंद विश्रांती, सरासरी ६७.५ माघार, २४८ प्रत्यक्ष फ्रेम, १६ सिफ्स आणि २४ मेगाबिटांनी पाठवलेल्या पोचेचे २८, असे एकूण ३९३.५ मायक्रोसेकंद जातात. १२,००० बिटांना त्याने भागले की साडेतीस मेगाबिट मिळतात. मॉड्युलेशनचा वेग दहापट केला तरी विश्रांती, माघार, सिफ्स आणि पोच यांचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो.

या कोंडीवर २००९ सालच्या ८०२.११एनने एकत्रीकरणाचा उपाय काढला: एकाच प्रसारणात अनेक फ्रेमांची माळ, कमाल ६५,५३५ बाइटांची, आणि सर्वांना मिळून एकच पोच. त्या गटपोचेत ६४ बिटांचा नकाशा असतो, ज्यात कोणत्या फ्रेम मिळाल्या त्यावर खूण होते. १,५०० बाइटांच्या फ्रेम घेतल्या तर माळेत बेचाळीसच मावतात, हा भाग वेगळा. पुढे वाय-फाय ६ मध्ये नकाशा २५६ बिटांचा आणि वाय-फाय ७ मध्ये १,०२४ बिटांचा झाला.

हार्डवेअरच्या दृष्टीने यातील सर्वांत सुंदर भाग म्हणजे माळेतील मणी वेगळे करणे. प्रत्येक फ्रेमच्या आधी ४ बाइटांचा विभाजक असतो. त्यात लांबी, ८ बिटांचा छोटा सीआरसी आणि शेवटी एक ठरावीक खूण असते, जी आस्की संकेतांत इंग्रजी 'एन' हे अक्षर आहे. गोंगाटात एखादा विभाजक बिघडला तर पुढची फ्रेम कोठे सुरू होते ते कळत नाही. अशा वेळी चिप दर चार बाइटांनी पुढे सरकत ती खूण आणि तिच्याशी जुळणारा छोटा सीआरसी शोधते, आणि सापडताच पुन्हा मार्गावर येते. एक मणी फुटला म्हणून माळ फेकून द्यावी लागत नाही. हे सर्व लहरी येत असतानाच चालते, कारण गटपोचेलाही सिफ्सचीच मुदत असते.

मधल्या फ्रेम हरवून नंतर आल्यास त्यांचा क्रम लावण्याची घाई नसते. ते काम बहुधा फर्मवेअर किंवा ड्रायव्हरकडे जाते.

एन्क्रिप्शन हार्डवेअरमध्ये असण्याचा तोटा काय?

सिलिकॉनमध्ये कोरलेली चूक दुरुस्त करता येत नाही, हा. वेप ही वाय-फाय एन्क्रिप्शनची मूळ पद्धत आरसी४ हे सांकेतिकीकरण आणि २४ बिटांच्या आरंभ-सदिशावर (प्रत्येक फ्रेमसाठी बदलणाऱ्या आकड्यावर) उभी होती. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी आरसी४च्या किल्ली-आखणीतील दुबळेपणा दाखवला आणि वेपचा पाया ढासळला. पण तोवर आरसी४चे इंजिन असलेल्या असंख्य चिप वापरात होत्या. त्यांना एईएस हे अधिक भक्कम सांकेतिकीकरण शिकवणे शक्य नव्हते. म्हणून २००३ साली टीकेआयपी आले, ज्यात तेच इंजिन ठेवून प्रत्येक फ्रेमसाठी किल्ली बदलण्याची आणि मायकेल नावाच्या हलक्या शिक्क्याची (फ्रेममध्ये फेरफार झालेला नाही हे पटवणाऱ्या आकड्याची) भर सॉफ्टवेअरमधून घातली. मायकेल इतका हलका होता की, एका मिनिटात दोन खोटे शिक्के आढळले तर नेटवर्कने ६० सेकंद काम थांबवावे, असा नियम जोडावा लागला. आजच्या नजरेने हे विचित्र वाटते. हाती असलेले सिलिकॉन पाहता दुसरा मार्ग फारसा नव्हता. एईएसवर आधारलेली सीसीएमपी पद्धत २००४ सालच्या ८०२.११आयने आणली.

सीसीएमपीचीही एक मर्यादा आहे. तिच्या शिक्क्यासाठी १६ बाइटांचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या निकालावर अवलंबून असतो, त्यामुळे चार इंजिने शेजारी ठेवली तरी एका फ्रेमचे काम चौपट वेगाने होत नाही. एईएसच्या दहा फेऱ्यांना दहा क्लॉक सायकल आणि १६० मेगाहर्ट्झचे घड्याळ धरले, तर साखळी २ गिगाबिटांच्या आसपास अडते. जीसीएमपी या एईएसवरच्याच दुसऱ्या पद्धतीत तुकडे समांतर हाताळता येतात, आणि अधिक वेगाच्या मानकांत ती येण्यामागे हे मोठे कारण आहे.

अशा यंत्रणेत प्रत्यक्ष चूक झाल्याचे उदाहरण आहे का?

फेब्रुवारी २०२० मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेली क्रूक ही त्रुटी पाहण्याजोगी आहे. ती ब्रॉडकॉम आणि सायप्रेस यांच्या काही चिपमध्ये होती. जोडणी तुटली की चिप सत्राची किल्ली पुसून तेथे शून्ये भरत असे, जे योग्यच होते. पण प्रेषणाच्या बफरमध्ये उरलेल्या फ्रेम तशाच राहत आणि नंतर त्या शून्यांच्या किल्लीने एन्क्रिप्ट होऊन हवेत जात. ऐकणाऱ्या कोणालाही त्या उलगडता येत. किल्ली पुसणारा विभाग बरोबर होता, पाठवणारा विभागही आपल्या परीने बरोबर होता. दोघांमधील क्रम कोणी पाहिला नव्हता. फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्या अद्यतनांतून ही त्रुटी बुजवता आली.

सॉफ्टमॅक आणि फुलमॅक यांत निवड कशी करावी?

सॉफ्टमॅक प्रकारात खालचा मॅक चिपमध्ये आणि वरचा मॅक मुख्य प्रोसेसरवर असतो. लिनक्समध्ये तो मॅक८०२११ हा भाग सांभाळतो. फुलमॅक प्रकारात वरचा मॅकही चिपमधील छोट्या प्रोसेसरवर चालतो आणि यजमानाला, म्हणजे मुख्य प्रोसेसरला, जवळजवळ तयार ईथरनेट दिसते. बॅटरीवरील उपकरणात, जेथे मुख्य प्रोसेसर झोपलेला असणे हीच खरी बचत, तेथे फुलमॅक घ्यावा. चिप स्वतःच बीकन (नेटवर्क ठरावीक काळाने पाठवते ती ओळखीची फ्रेम) वाचते, एआरपीला (स्थानिक नेटवर्कमधील पत्त्याच्या चौकशीला) उत्तर देते, किल्ली बदलून घेते आणि खरोखर गरज पडली तरच यजमानाला उठवते. जेथे मेश, मापन किंवा संशोधन करायचे आहे, किंवा दहा वर्षे दुरुस्त्या देत राहायचे आहे, तेथे सॉफ्टमॅकच बरा, असे माझे ठाम मत आहे. फुलमॅकमध्ये एखादी त्रुटी सापडली की उत्पादकाच्या फर्मवेअरची वाट पाहण्यावाचून हाती काही उरत नाही.

फर्मवेअरला हार्डवेअर म्हणावे की सॉफ्टवेअर?

वेळेच्या दृष्टीने ते हार्डवेअरच्या जवळ असते, चुकांच्या दृष्टीने सॉफ्टवेअरच्या. ब्रॉडकॉमच्या जुन्या रचनेत तर तिसरा थरही दिसतो: फ्रेमच्या पातळीवरचे निर्णय घेणारा एक लहानसा गाभा मायक्रोकोडवर चालतो आणि त्याच्या वर एआरएम प्रोसेसरवरचे फर्मवेअर असते. याउलट लिनक्समधील एटीएच९के ड्रायव्हर ज्या पीसीआय चिप चालवतो, त्यांना निराळे फर्मवेअरच लागत नाही. रजिस्टरांमधून थेट व्यवहार होतो. संशोधकांत त्या चिप इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारण तेच.

२०१७ साली उघड झालेल्या ब्रॉडपॉन या त्रुटीने दाखवून दिले की, वापरकर्त्याने काहीही न करता केवळ हवेतील फ्रेममधून वाय-फाय चिपवर परका कोड चालवता येतो. चिपमधला छोटा प्रोसेसर हाही एक संगणक आहे, आणि त्याच्यावर पहारा सहसा कमी असतो.

आतली रचना पाहायचीच असेल तर ओपनवायफाय हा मुक्त प्रकल्प चाळावा. त्यात खालचा मॅक एफपीजीएवर (आतली जोडणी पुन्हा बदलता येणाऱ्या चिपवर) व्हेरिलॉग या हार्डवेअर-भाषेत लिहिलेला असून वरच्या मॅकसाठी लिनक्सचा मॅक८०२११ वापरला आहे. रेषा कोठे पडते ते तेथे ओळीओळीतून वाचता येते.

बीकनमधील वेळेचा शिक्का हार्डवेअरलाच का मारावा लागतो?

बीकन साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी निघतो आणि त्यात मायक्रोसेकंदांतील ६४ बिटांची वेळ असते. पण वाहिनी मोकळी होईपर्यंत बीकनला थांबावे लागते, म्हणून तो नक्की केव्हा निघेल हे सॉफ्टवेअरला आधी माहीत नसते. चिप ती जागा रिकामी ठेवते आणि ते बाइट बाहेर पडण्याच्या क्षणी घड्याळ वाचून भरते. झोपलेली उपकरणे याच वेळेवर आपले घड्याळ लावून पुढच्या बीकनच्या किंचित आधी जागी होतात.

वाय-फाय ६ ने हार्डवेअरवर कोणता नवा भार टाकला?

ट्रिगर फ्रेमचा. अ‍ॅक्सेस पॉइंट अनेक उपकरणांना एकाच वेळी निरनिराळे उपवाहक वाटून देतो, आणि सर्वांनी सिफ्सनंतर एकदमच बोलायचे असते. त्यासाठी वेळेतील चूक ०.४ मायक्रोसेकंदांच्या आत आणि वारंवारतेतील चूक ३५० हर्ट्झच्या आत ठेवावी लागते, नाहीतर एकाचा आवाज शेजारच्याच्या उपवाहकांवर सांडतो. साधी पोच आधीच तयार ठेवता येते; येथे मात्र किती बाइट मागितले जातील हे ट्रिगर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मग डेटा काढणे, माळ ओवणे, एन्क्रिप्ट करणे हे सारे लगेच करायचे असते. मानकाने ही अडचण मान्य केली आहे: उपकरण आपल्याला ०, ८ किंवा १६ मायक्रोसेकंद जादा लागतात असे आधीच सांगू शकते, आणि अ‍ॅक्सेस पॉइंट ट्रिगरच्या शेवटी तेवढी भरताड घालतो. ८०२.११जीच्या शांततेचीच ही पुढची पिढी.

लांब पल्ल्याच्या जोडणीवर सिग्नल चांगला असूनही सर्व फ्रेम अयशस्वी का दिसतात?

पोचेची वाट पाहण्याची मुदत चिपमधील एका रजिस्टरमध्ये असते, आणि मूळ मुदत काही शे मीटरांचे अंतर धरून ठरवलेली असते. प्रकाशाला ३० किलोमीटर जाण्यास १०० मायक्रोसेकंद आणि परत येण्यास आणखी १०० लागतात. पोच निघते, वाटेत असते, आणि इकडे चिप ती हरवली असे समजून तीच फ्रेम पुन्हा पाठवते. पलीकडे त्याच अनुक्रमांकाच्या फ्रेम पुनर्प्रेषणाच्या बिटासह येत राहतात आणि तेथील चिप त्या दुबार म्हणून टाकून देत प्रत्येकीला पुन्हा पोच देते. दोन्ही टोकांची यंत्रे नियमाप्रमाणेच वागत असतात. ड्रायव्हरमधील अंतराची किंवा कव्हरेज क्लासची मांडणी बदलली की हे थांबते. कव्हरेज क्लासची प्रत्येक पायरी ३ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सुमारे ४५० मीटरांची असते.

ब्लूटूथ आणि झिगबीमध्येही असेच असते का?

तत्त्व तेच, मुदती सैल. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये दोन पॅकेटांतील अंतर पारंपरिकरीत्या १५० मायक्रोसेकंद असून त्यात २ मायक्रोसेकंदांची चूक चालते, झिगबीखालच्या ८०२.१५.४ मध्ये २.४ गिगाहर्ट्झवर पोच १९२ मायक्रोसेकंदांनी निघते. इतक्या वेळात छोटा प्रोसेसरही बरेच काही करू शकतो, म्हणून तेथे हार्डवेअरचा वाटा लहान ठेवता येतो. ब्लूटूथने कंट्रोलर आणि होस्ट यांच्यातील सीमा एचसीआय या नावाने प्रमाणित केली. वाय-फायमध्ये तसे कधी झाले नाही, आणि प्रत्येक नव्या चिपसाठी नवा ड्रायव्हर लिहावा लागतो.

सॉफ्टवेअर अद्यतनाने वाय-फाय ५ ची चिप वाय-फाय ६ ची होईल का?

होणार नाही. वाय-फाय ६ मध्ये सिम्बॉलची लांबी, मधले संरक्षक अंतर सोडून, ३.२ वरून १२.८ मायक्रोसेकंद झाली आणि २० मेगाहर्ट्झसाठी ६४ ऐवजी २५६ बिंदूंचे फूरिए रूपांतर लागते. ते सिलिकॉनमध्ये नसेल तर कोणतेही फर्मवेअर ते आणू शकत नाही. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत मात्र जुन्या चिपला अनेकदा मिळू शकते, कारण तिचा पासवर्डवरून किल्ली ठरवण्याचा नवा संवाद वरच्या मॅकमध्ये होतो आणि डेटासाठी तीच जुनी सीसीएमपी चालते. अडते ते व्यवस्थापन फ्रेमच्या (जोडणी करण्या-तोडण्यासारख्या कामांच्या फ्रेमच्या) संरक्षणापाशी, जे डब्ल्यूपीए३मध्ये सक्तीचे आहे. चिपचे इंजिन त्या फ्रेम हाताळत नसेल, तर सॉफ्टमॅक ड्रायव्हर त्यांच्यापुरते एन्क्रिप्शन मुख्य प्रोसेसरवर करू शकतो. अशा फ्रेम संख्येने इतक्या थोड्या असतात की तो भार जाणवतही नाही.